पाकीट: खिशातलं आणि पगाराचं

पैशांची ‘कसा’ नावाची पिशवी कमरेला बांधायची, बटव्याच्या दोऱ्या ओढायच्या. इंग्रजी पॅकेटचं पाकीट झालं आणि या दोघांना त्याने रोजच्या वापरातून मागे सारलं. टपालाचं पाकीट, खिशातलं पाकीट आणि पगाराचं पाकीट असे तिन्ही अर्थ मराठीत एकाच शब्दाकडे आले. घरखर्चाशी खरं नातं जडलं ते तिसऱ्या अर्थाचं.

१९३६ च्या वेतन प्रदान कायद्यानुसार मजुरी नाण्यांत किंवा नोटांतच द्यायची होती. हजारापेक्षा कमी कामगार असतील तिथे महिना संपल्यावर सातव्या दिवसापर्यंत, इतरत्र दहाव्या दिवसापर्यंत. पाकीट घरी आलं की भाडं, वाण्याची उधारी, शाळेची फी, भिशी असे वाटे पडायचे. अनेक घरांत हिशेबाची वही नव्हती. वेगळ्या काढलेल्या नोटा हाच हिशेब होता.

१९७६ च्या दुरुस्तीने चेकने किंवा बँक खात्यात पगार द्यायला वाट करून दिली, पण कामगाराची लेखी संमती घेऊनच. नोटाबंदीनंतर, २८ डिसेंबर २०१६ च्या अध्यादेशाने ही संमतीची अट काढली. २०१७ मध्ये त्याचा कायदा झाला. रोख पगारावर सरसकट बंदी आली नाही, मात्र ठरावीक आस्थापनांना फक्त चेक किंवा खात्यातूनच पगार द्यायला लावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. खात्यात नोंद राहते, त्यामुळे कमी पैसे देऊन जास्त रकमेवर सही घेणं अवघड होतं, हा समर्थकांचा मुद्दा खोटा नाही. तरीही आपली कमाई कोणत्या रूपात घ्यायची हे कामगाराला विचारलं जायचं, ते थांबलं. या बदलात सर्वांत मोठं काही गेलं असेल तर ते हेच.

त्याच सुमारास मोबाइलमधलं वॉलेट घरोघरी पोचलं आणि शब्दाचा नवा गुंता झाला. प्रीपेड वॉलेटमध्ये पैसे आधी भरावे लागतात आणि त्या शिलकीवर व्याज मिळत नाही. साध्या यूपीआय व्यवहारात पैसे थेट बँक खात्यातून जातात, मध्ये पाकीट नसतंच. बोलताना मात्र दोन्हींना वॉलेटच म्हणतात, आणि आपले पैसे नेमके कुठे आहेत हे त्यात हरवतं. २०२२ मध्ये यूपीआय लाइट आलं. त्यात किरकोळ खर्चासाठी खात्यातून छोटी रक्कम, सुरुवातीला जास्तीत जास्त २,००० रुपये, पुन्हा बाजूला काढून ठेवायची असते.