अंदाजातला वारा आणि शिवारातला वारा

हवामानाच्या अंदाजात पावसाचा आकडा सगळे बघतात. त्याखालची वाऱ्याची ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पण फवारणी, शेडनेट, उसाचं पाणी ही पुणे जिल्ह्यातली रोजची कामं त्या ओळीवरच अवलंबून असतात.

समजा लिहिलंय : वारा १६ किमी प्रतितास, दिशा २७० अंश. दिशा म्हणजे वारा जिथून येतो ती. उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. म्हणजे हा पश्चिमेचा वारा. १६ हा वेग जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा, तोही मोकळ्या माळावरचा. खाली जमिनीच्या घर्षणाने वारा मंदावतो. माणसाच्या डोक्याच्या जरा वर, दोन मीटरवर, तो साधारण पाऊणपट म्हणजे १२ उरतो, आणि उभ्या पिकात त्याहूनही कमी.

शिवाय तो आकडा तुमच्या गावाचा एकट्याचा नसतो. संगणकाचं मॉडेल सगळा प्रदेश चौकोनांत कापतं आणि प्रत्येक चौकोनाला एकच वारा देतं. पुण्यात पाषाणच्या आयआयटीएममध्ये (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत) तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५ मध्ये सुरू झाली. तिच्या चौकोनाची बाजू सुमारे ६ किमी आहे. आधी ती १२ किमी होती. ही मोठी सुधारणा आहे, तरी एका चौकोनात ३६ चौरस किमी जमीन येतेच. इंदापूरच्या सपाटीवर त्याने फारसं बिघडत नाही. वेल्ह्यात किंवा मुळशीत मात्र तेवढ्या जागेत डोंगराची एक सोंड, दोन खोरी आणि धरणाचं पाणी मावतं. मॉडेलला तो डोंगर बराच सपाट झालेला दिसतो.

त्यामुळे ‘आमच्याकडे अंदाज चुकतो’ एवढं म्हणून भागत नाही. कोणत्या दिशेचा वारा असताना चुकतो, हे पाहायला हवं. डोंगराच्या पूर्व पायथ्याच्या गावाला पश्चिमेचा वारा आडोशामुळे कमी लागतो, पण पूर्वेचा पुरता लागतो. पूर्व-पश्चिम पसरलेल्या पवन मावळासारख्या खोऱ्यात पश्चिमेचा वारा उलट जोर धरतो. प्रत्येक दिशेची दुरुस्ती वेगळी, आणि ती गावानेच वहीत नोंदवायची. दिशा देवळाच्या झेंड्यावरून कळते, वेग झाडांवरून. फ्रान्सिस ब्यूफर्ट या नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये समुद्रासाठी मांडलेली पद्धत पुढे जमिनीसाठीही बसवली गेली : पानं सळसळली तर ६ ते ११ किमी, बारीक डहाळ्या सतत हलल्या तर १२ ते १९, धूळ आणि कागद उडाले तर २० ते २८, लहान झाडं डुलू लागली तर २९ ते ३८.

फवारणीच्या बाबतीत सगळ्यात फसवी वेळ पहाटेची. अंदाजात वारा २ किमी दिसतो आणि वाटतं, हीच वेळ चांगली. पण निरभ्र रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची गार हवा खाली साचते आणि वरची ऊबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. औषधाचे बारीक थेंब त्या थरात तरंगत राहतात आणि उतारावरून घसरणाऱ्या गार हवेबरोबर शेजाऱ्याच्या बागेत पोचतात. बांधावरचा धूर वर न जाता आडवा पसरत असेल, तर पंप खाली ठेवावा. ऊन वर आल्यावर ५ ते १५ किमीचा स्थिर वारा असेल तेव्हा फवारणी करणं जास्त सुरक्षित.

एप्रिल-मेमध्ये मात्र सरासरी वाऱ्यावर विसंबू नये. वळवाच्या ढगातून पावसाने गार झालेली हवा खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. ढगाचा विस्तार काही किलोमीटरच, त्यामुळे दिवसाच्या सरासरीत तो झोत दिसतच नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणून १५ किमीला शांत उभं असलेलं शेडनेट ४५ किमीच्या झोताला नऊपट दाब सोसतं. अशा दिवसांत दुपारनंतर हवामान विभागाचा पुढच्या तीन तासांचा इशारा बघावा. त्यात मेघगर्जनेसह सोसाट्याच्या वाऱ्याचा उल्लेख असेल, तर शेडनेटचे दोर आवळून घ्यावेत आणि मोठ्या उसाला त्या दिवशी पाणी देऊ नये. ओल्या, मऊ मातीत मुळांची पकड सुटते आणि ऊस लोळतो.