अल्पखर्ची ग्रंथालय संगणकीकरण

पुस्तकांची यादी, सभासदांच्या नोंदी आणि देवघेव ही वाचनालयाची तीन कामे कागदी नोंदवह्यांऐवजी संगणकावर, कमीत कमी खर्चात चालवण्याची पद्धत. पगारी ग्रंथपाल नसलेल्या, स्वयंसेवकांच्या पाळ्यांवर चालणाऱ्या, काही शे ते काही हजार पुस्तकांच्या वाचनालयांना ती उपयोगी पडते. इथे खर्चाचा हिशेब पैशांपेक्षा माणसांच्या तासांत करावा लागतो. सॉफ्टवेअर फुकट मिळते. नोंदी करायला रोज बसणारा माणूस मिळत नाही.

मुक्त स्रोत, म्हणजे कोणालाही फुकट वापरता आणि बदलता येणाऱ्या, प्रणालींत ‘कोहा’ सर्वांत परिचित. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासासाठी ती १९९९ मध्ये लिहिली गेली आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. तिच्यात मोठ्या ग्रंथालयाला लागणारे सगळे आहे, आणि छोट्या वाचनालयाची पंचाईत त्यातूनच होते : लिनक्स, डेटाबेस, सर्व्हर सांभाळणारा जाणकार सतत लागतो. तो दुसऱ्या गावी गेला की नवी आवृत्ती चढवायला कोणी उरत नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात २००६ मध्ये सुरू झालेली ‘एव्हरग्रीन’ तर अनेक ग्रंथालयांच्या जाळ्यासाठीच घडवलेली आहे. इंडोनेशियात तयार झालेली ‘स्लिम्स’ त्यामानाने हलकी. सर्व्हरची कटकटच नको असेल, तर ‘लायब्ररीथिंग’ या पुस्तकयाद्यांच्या संकेतस्थळावर आधारलेली ‘टायनीकॅट’ ही २०१६ पासूनची ऑनलाइन सेवा छोट्या ग्रंथालयांसाठीच आहे. हजारभर पुस्तकांना साधी स्प्रेडशीटही पुरते. त्यात कमीपणा काही नाही.

यंत्रसामग्रीत जुना संगणक आणि बारकोड स्कॅनर एवढे पुरे. साधा यूएसबी स्कॅनर संगणकाच्या दृष्टीने कीबोर्डच असतो : तो आकडे ‘टाइप’ करतो आणि बहुधा शेवटी एंटर दाबतो. म्हणून तो स्प्रेडशीटमध्येही चालतो. पुस्तक दाखवले, ‘बीप’ झाले, कर्सर खालच्या ओळीत. मात्र त्या स्तंभाचा प्रकार आधीच ‘मजकूर’ असा ठरवावा लागतो. नाहीतर बारकोडमधला तेरा आकडी पुस्तक-क्रमांक ९.७८ गुणिले दहाचा बारावा घात अशा रूपात दिसू लागतो, फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) स्वरूपात साठवली की तसाच कापला जाऊ शकतो, आणि शून्याने सुरू होणाऱ्या जुन्या दहा आकडी क्रमांकांतले ते शून्य गळून पडते. हे बहुधा चारशे पुस्तके झाल्यावर ध्यानात येते.

पुस्तकामागच्या छापील बारकोडात आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक, असतो. १ जानेवारी २००७ पासून तो दहाऐवजी तेरा आकडी झाला. त्यातला शेवटचा आकडा पडताळणीचा असतो, त्यामुळे हाताने टाइप करताना एखादा आकडा चुकला तर चूक लगेच पकडता येते. हा क्रमांक दिला की नाव, लेखक, प्रकाशक ही माहिती इतर ग्रंथालयांच्या तालिकांतून किंवा ‘ओपन लायब्ररी’सारख्या खुल्या साठ्यातून आपोआप उतरवता येते. पण आयएसबीएन आवृत्तीची ओळख सांगतो, प्रतीची नाही. एकाच कादंबरीच्या तीन प्रतींवर एकच क्रमांक असतो; त्यांतली कोणती प्रत कोणाकडे आहे, हे त्यावरून कळत नाही. शिवाय जुन्या पुस्तकांवर तो नसतोच. म्हणून प्रत्येक प्रतीला स्वतःचा दाखल क्रमांक (वाचनालयात येताना दिलेला अनुक्रमांक) आणि त्याची चिकटपट्टी हवी. नोंदवहीत दाखल क्रमांक आधीपासून असतील तर तेच वापरावेत. नवी मालिका सुरू केली की जुनी नोंदवही मुकी होते.

खरे कष्ट जुन्या पुस्तकांच्या नोंदींचे. कपाट पहिले, फळी पहिली असे सुरू करण्याचा मोह होतो, पण वर्षानुवर्षे कोणी न उघडलेल्या खंडांवरच उत्साह संपतो. त्यापेक्षा परत येणारे पुस्तक फळीवर जाण्याआधी त्याची नोंद करावी. वाचली जाणारी पुस्तके अशाने लवकर यादीत येतात, आणि उरलेली कदाचित काढून टाकण्याजोगी आहेत हेही उघड होते. नाव, लेखक, दाखल क्रमांक, वर्गांक (विषयवार क्रमांक), भाषा एवढी माहिती पुरे. लॅटिनेतर लिपीतली नावे युनिकोडमध्येच (सर्व संगणकांवर सारखी दिसणाऱ्या अक्षरसंकेतात) लिहावीत, आणि लेखकाचे नाव एकाच रीतीने. कधी आडनाव आधी, कधी नंतर असे झाले की एका लेखकाचे दोन लेखक होतात.

प्रणाली निवडताना आधी एकच गोष्ट तपासावी : सगळ्या नोंदी सीएसव्ही किंवा मार्क स्वरूपात बाहेर काढता येतात का? मार्क हा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकात घडलेला नोंदींचा आराखडा असून आजही ग्रंथालये त्यातच देवाणघेवाण करतात. नोंदी बाहेर काढता येत नसतील, तर फुकटची प्रणालीही पुढे महागात पडते.

सभासदांची माहितीही गरजेपुरतीच ठेवावी. पुस्तक परत आले की ते कोणी नेले होते, ही नोंद पुसून टाकण्याची सोय कोहात आहे.

वीज गेली की पाळीवरचा स्वयंसेवक पुन्हा कागदाकडे वळतो. त्या चिठ्ठ्या नंतर चढवताना घडले त्याच क्रमाने चढवाव्या लागतात. सकाळी परत आलेले पुस्तक दुपारी दुसऱ्याने नेले असेल आणि दुपारची चिठ्ठी आधी चढवायला घेतली, तर त्या वेळी संगणकाच्या लेखी ते पुस्तक अजून पहिल्या सभासदाकडेच असते.