उंदरावर टपलेले दोघे: कापशी आणि गव्हाणी घुबड

रब्बीची ज्वारी उभी असते तेव्हा शेताकडेच्या विजेच्या तारेवर कापशी नावाची घार हमखास दिसते. कावळ्याहून लहान, राखाडी पाठ, पांढरेशुभ्र पोट, खांद्यावर काळा डाग आणि लालभडक डोळे. ती पिकावर येते आणि पंख फडफडवत हवेत एकाच जागी थांबते. खाली उंदीर हलला की पंख वर धरून, पाय सोडून उतरते. मध्येच थांबून पुन्हा नेम धरते. सगळा खेळ नजरेचा.

अंधार पडला की त्याच शेतात गव्हाणी घुबड येते. त्याचे डोळेही तल्लख, पण त्यांच्यावाचून त्याचे अडत नाही. रॉजर पेन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी (देवमाशांच्या गाण्यांमुळे पुढे गाजले ते हेच) मिट्ट काळोख्या खोलीत पानांवर उंदीर सोडला. घुबडाने तो अचूक धरला. वासाने धरला की अंगाच्या उबेने, ही शंका उरू नये म्हणून त्यांनी उंदराएवढा कागदाचा बोळा पानांतून ओढला. घुबडाने त्यावरही झडप घातली! हे प्रयोग १९७१ साली सविस्तर प्रसिद्ध झाले.

खुबी आहे ती वरखाली बसवलेल्या कानांत. पत्त्यांतल्या बदामासारखा तो चेहरा आवाज गोळा करून कानांकडे लोटतो. डाव्या कानाचे भोक जरा वर आणि रोख खाली. उजव्याचे नेमके उलटे. त्यामुळे खालून येणारी खसखस डाव्या कानाला मोठी ऐकू येते, वरून येणारी उजव्याला. आवाज डावीकडचा की उजवीकडचा, हे तो कोणत्या कानात क्षणभर आधी पोहोचला त्यावरून कळते. त्यात पंखांच्या पुढच्या कडेला बारीक दातेरी झालर आणि पिसांवर मखमली लव. उंदराला चाहूल लागत नाही, आणि घुबडाच्या कानात स्वतःच्या पंखांचा गोंगाटही शिरत नाही.

मला खरी गंमत वाटते ती पुढची. कापशीचे घुबडाशी जवळचे नाते नाही, तरी तिचे मोठे डोळे बरेचसे समोर रोखलेले असतात आणि पिसांवर तशीच लव असते. एकाच भक्ष्यामागे लागलेले दोन वेगळे वंश असे एकमेकांसारखे होत गेले.

पोटे मात्र निराळी. दोघेही न पचलेल्या अंशाची गोळी ओकतात. कापशीचे जठररस जहाल, त्यामुळे तिच्या गोळीत मुख्यतः केसच सापडतात. जुन्या वाड्याच्या माळ्यावर पडलेली घुबडाची गोळी पाण्यात भिजवून सुईने उकला: केसांच्या गुंत्यातून उंदराची अख्खी कवटी निघते, नारिंगी-पिवळ्या पटाशीच्या दातांसकट. शेतात कोणत्या जातीचे उंदीर माजलेत, हे अभ्यासक या कवट्यांवरूनच ओळखतात. त्यासाठी पिंजरा लावावा लागत नाही.