सोल्डरिंग आयर्न

सोल्डरिंग आयर्न हे इलेक्ट्रॉनिक घटकांचे पाय सर्किट बोर्डावरील तांब्याला जोडण्यासाठी वापरले जाणारे, विजेवर तापणारे हत्यार आहे. डाख देऊन धातू सांधण्याची कला प्राचीन असली, तरी विजेचे आयर्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले. जर्मनीत एर्न्स्ट साक्स यांनी १९२१ च्या सुमारास ते कारखान्यात वापरता येईल अशा रूपात आणले.

या कामासाठी लागणारी सोल्डर वायर, म्हणजे डाखाची तार, दीर्घकाळ कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाची असे. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला आणि शिसे ३२७ अंशांना वितळते. पण ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे एकत्र केले की ते १८३ अंशांनाच आणि एकदम वितळते. युरोपीय संघाने जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील शिशावर निर्बंध घातल्यानंतर कथील, चांदी व तांबे यांची मिश्रणे रूढ झाली. ती २१७ अंशांच्या आसपास वितळू लागतात, त्यामुळे आयर्नही अधिक तापवावे लागते.

सोल्डर हा गोंद नव्हे. वितळलेले कथील तांब्याशी संयोग पावून त्याच्या पृष्ठभागावर आंतरधातू संयुगाचा पातळ थर तयार करते आणि सांधा त्या थरामुळे टिकतो. त्यासाठी तांबे स्वच्छ व पुरेसे तापलेले असावे लागते. कल्हईवाला भांड्यावर कथील पसरण्याआधी नवसागर टाकतो, तो याच कारणाने; इलेक्ट्रॉनिक्समध्ये मात्र नवसागराचा अवशेष तांबे गंजवत राहत असल्याने वायरच्या पोटात राळेवर आधारित फ्लक्स, म्हणजे तांब्याचा पृष्ठभाग साफ करणारा पदार्थ, भरलेला असतो. नवशिक्याची सर्वांत मोठी चूक म्हणजे बिटवर, म्हणजे आयर्नच्या तापणाऱ्या टोकावर, सोल्डर वितळवून ते थंड सांध्यावर नेऊन ठेवणे: वाटेतच राळ जळून जाते, आणि मेकॅनिक ज्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात तो वरून जुळलेला पण आतून सुटा सांधा पदरी पडतो. बिट पाय आणि तांबे दोघांनाही टेकवून वायर सांध्याला लावावी. शिसेविरहित सोल्डरचा चांगला सांधाही काहीसा निस्तेज दिसतो, त्यामुळे केवळ चकाकीवरून पारख करू नये.

साधे २५ वॅटचे आयर्न स्वस्त असते, पण त्याचे तापमान आवरता येत नाही. जे छंद पुढे नेणार आहेत त्यांनी तापमान नियंत्रित करता येणारे आयर्नच घ्यावे, कारण जास्त तापलेल्या बिटने बोर्डावरील तांब्याची पट्टी उखडते. शिशाच्या सोल्डरसाठी बिट सुमारे ३२० ते ३५० अंशांवर ठेवतात. अलीकडची पेनसारखी आयर्न, उदाहरणार्थ पाइनसिल, यूएसबी-सी चार्जरवर चालतात आणि त्यांच्या आत तापमान सांभाळणारा लहानसा संगणकच असतो.

आधुनिक बिट तांब्याचे असून त्यावर लोखंडाचा मुलामा असतो, कारण वितळलेले कथील उघड्या तांब्याला हळूहळू विरघळवते. जुने तांब्याचे बिट कानशीने घासून पुन्हा टोकदार करत. मुलाम्याचे बिट तसे घासले की निकामी होते. ते ओल्या स्पंजावर किंवा पितळी जाळीत पुसावे आणि बंद करण्यापूर्वी त्यावर थोडे सोल्डर राहू द्यावे.

या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. दिसणारा धूर राळेचा असतो आणि त्याने दमा होऊ शकतो, म्हणून काम हवेशीर जागी करावे. शिसे हातावाटे पोटात जाऊ नये यासाठी काम संपताच हात धुणे आवश्यक असते.