पाहुणे बदक आणि वायंगणाचे पाणी

हिवाळा लागला की गोव्यातल्या पक्षीवेड्यांच्या मोबाईलवर एखादा अंधुक फोटो फिरू लागतो. अडयांच्या, म्हणजे लहान तपकिरी बदकांच्या, थव्यात एकच विटकरी अंगाचे, त्यांच्याहून थोराड बदक, आणि खाली प्रश्न: "चक्रवाक?" दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तळ्याच्या बांधावर पाच-सहा स्कूटर लागलेल्या असतात. इंदापूर-भिगवणकडच्या माणसाला याचे हसू येईल. उजनीच्या पाणफुगवट्यावर चक्रवाक हिवाळाभर चरताना दिसतात, त्यासाठी कोणी झोपमोड करत नाही. गोव्यात मात्र त्याचे दर्शन घडले तर ती वर्षभर सांगायची गोष्ट होते.

म्हणजे 'दुर्मीळ' हा शब्द इथे बहुतेक वेळा जागेपुरता घ्यायचा. याच्या उलट गंमत लालसरीची. दिसायला साधे बदक, पण जगभरात संख्या घटल्यामुळे २०१५ पासून ते आंतरराष्ट्रीय लाल यादीत 'असुरक्षित' गटात आहे. ते दिसले तरी फोटो काढणारे पुढे सरकतात, कारण रंग भडक नाही.

गोव्यात बदके कमी का, याचे उत्तर नकाशात आहे. दख्खनच्या पठारावर पसरट, उथळ धरणे आणि तलाव आहेत, उत्तरेकडून उतरणारे थवे तिथेच विसावतात. सह्याद्रीच्या पश्चिमेला चिंचोळी पट्टी, त्यात मांडवी-जुवारीचे पाणी भरती-ओहोटीचे, खारे. पाण्यात डोके बुडवून वनस्पती आणि दाणे खाणाऱ्या बदकाला हवे असते गुडघाभर गोडे पाणी, तळाशी चिखल आणि कडेला गवत. अशी पाणी मोजकीच, आणि त्यांतली बरीचशी आज शहरांच्या कुशीत आली आहेत. ओल्ड गोव्याला लागून करमळीचे तळे, पणजीच्या वेशीवर सांताक्रूझचे बोंडवोळ, चिंबलचे तोयार, कुडचडे गावातले नंदा, मडगावपासून जवळ कुडतरीची तळी. यांतले एकही पक्ष्यांसाठी केलेले नाही. सगळी भातासाठी.

हे नीट समजल्याशिवाय बदके कधी आणि कुठे दिसतील याचा अंदाज येत नाही, म्हणून थोडे मागे जायला हवे. गावची जमीन आणि पाणी सांभाळणारी गावकारी पोर्तुगीज येण्याच्या आधीची. १५२६ साली अफोन्सो मेशिया या अधिकाऱ्याने तिचे रीतिरिवाज लेखी नोंदवून घेतले, पुढे तिलाच कोमुनिदाद म्हणू लागले. बांध घालणे, गाळ काढणे, मानस, म्हणजे पाणी सोडण्या-अडवण्याचे दार, राखणे ही तिची कामे. सासष्टी तालुक्याचे कोठार म्हणून कुडतरीचे नाव झाले ते अशाच तळ्यांच्या जोरावर. सारद, म्हणजे पावसाळी भाताचे पीक, पावसाच्याच पाण्यावर निघे. तळे भरून राहायचे ते वायंगणासाठी, म्हणजे हिवाळ्यातल्या दुसऱ्या भातपिकासाठी. नोव्हेंबर-डिसेंबरात खालच्या शेतात वायंगणाची तयारी सुरू झाली की मानस उघडायची आणि मार्च-एप्रिलमध्ये कापणी होईपर्यंत तळे उतरत जायचे.

आता हेच वेळापत्रक बदकाच्या बाजूने पाहा. ऑक्टोबरात तळे काठोकाठ, त्यावर कमळे आणि कुमुदिनी. पानांवरून चालणारे कमळपक्षी, त्यांच्या आडोशाला काणूक, जगातल्या सर्वांत लहान बदकांपैकी एक, ओंजळीत मावेल एवढे. उत्तरेचे पाहुणे, तलवार बदक, थापट्या, भुवई बदक, उतरू लागतात तेव्हाच पाणीही खाली जाऊ लागते. म्हणजे दर आठवड्याला तळ्याची एक नवी कड उथळ होते आणि तिथले बी आणि किडे चोचीच्या टप्प्यात येतात. फेब्रुवारी-मार्चात उरलेल्या चिखलात तुतवार आणि बगळे. कुठल्याही तज्ज्ञाने आखले नसते इतके बेतशीर हे जेवणाचे ताट शेतकऱ्याने नकळत वाढून ठेवले. करमळीत भर म्हणून देवभात, रानटी भाताची जात. त्याच्या दाट गवतात जांभळ्या पाणकोंबड्या घरटी करतात.

१९६१ नंतर हा मेळ ढिला पडला. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्यातली पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमीन मिळाली. ते न्याय्यच होते, पण बांध आणि मानस सांभाळायचे काम कोमुनिदादीकडून कुळांच्या संघटनांकडे गेले आणि बऱ्याच गावांत ते कोणाचेच राहिले नाही. मानस बंदच राहिली तर तळे तुडुंब राहते आणि उथळ कड मिळत नाही, मोडून पडली तर पाणी पौषातच संपते. दोन्हीत बदकाचे नुकसान. हिरव्यागार जलपर्णीने भरलेले तळे पाहून पर्यटक वा म्हणतात, बदक वरूनच निघून जाते.

पाहणाऱ्यांचा इतिहास याहून तोकडा. पूर्वी बदकाकडे बघायचे ते बंदुकीच्या नळीवरून. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर त्याला आळा बसू लागला, निदान उघडपणे. गोव्याच्या पक्ष्यांची पहिली शिस्तशीर मांडणी रॉबर्ट ग्रब आणि सलीम अली यांनी १९७६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात केली. मग १९८० च्या दशकाच्या अखेरीस चार्टर विमाने आली आणि त्यांतून किनाऱ्यावर पडून राहण्याऐवजी दुर्बीण घेऊन शेतात उतरणारे इंग्रजही. बागा-हडफड्याची पाणथळ शेते विलायतेत ठाऊक झाली ती त्यांच्यामुळे. गोव्यात राहिलेल्या हाइन्झ लायनर या अभ्यासकाने १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात सविस्तर यादी दिली. आजही कोणी 'गोव्यात पहिल्यांदाच' म्हणून फोटो टाकला की जाणते लोक आधी ती यादी उघडतात.

१९८८ साली चोडण बेटावरचे १७८ हेक्टरांचे अभयारण्य सलीम अलींच्या नावाने झाले. रायबंदरहून फेरीबोटीने जायचे, छान जागा आहे, पण ती खारफुटी. खंड्या, बगळे, किनाऱ्याचे पक्षी तिथे भरपूर, बदकांसाठी पावले पुन्हा शेतीच्या तळ्यांकडेच वळतात. त्या तळ्यांना मात्र दीर्घकाळ कोणी वाली नव्हता. १९९२-९३ च्या सुमारास कोकण रेल्वेच्या मार्गावरून गोवा पेटला तेव्हा खाजन, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या, शेतीबरोबर करमळीच्या तळ्याचाही प्रश्न पुढे आला. मार्ग आतल्या भागातून न्या, अशी मागणी होती. काम थांबले, न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग बसला, शेवटी रूळ तळ्याच्या कडेनेच गेले. १९९८ च्या जानेवारीत सगळी लाईन सुरू झाली. आता मुंबईहून येणारा माणूस करमळी स्टेशनाजवळ खिडकीतून बदके बघतो, हेही खरे. कागदावरचे संरक्षण फार उशिरा आले: ४२ हेक्टरांचे नंदा तळे २०२२ मध्ये गोव्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. पावसानंतर पाणी अडवायचे आणि खालच्या भातशेतीला सोडायचे ही तिथली रीत अजून चालू आहे, आणि माझ्या मते त्या तळ्याचे खरे संरक्षण तेच.

दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून चालत आलेली. तिच्यात भाग घेतला की नजर तयार होते, कारण तिथे आवडीचा पक्षी शोधायचा नसतो, सगळे मोजायचे असतात. पाहुणा सापडतो तो अशा मोजणीतच. अडया दिवसा थव्याने अंग चोरून बसतात, सगळ्या एकसारख्या तपकिरी. डावीकडून उजवीकडे दुर्बीण सावकाश फिरवायची आणि माना सोडून पाठी बघायच्या. एखादी पाठ करडी, एखादी शेपूट टोकदार, एखाद्याच्या चोचीचे टोक पिवळे आणि बुडाशी दोन लाल ठिपके. हे शेवटचे हळदी-कुंकू बदक, नाव ठेवणाऱ्याने बरोबर ठेवले आहे. बुडी मारणारे बदक असेल तर आणखी पंचाईत: मोजता मोजता ते पाण्याखाली, वर येते ते भलतीकडेच. सकाळी सूर्य पाठीशी राहील अशी बांधाची बाजू धरायची, नाहीतर सगळी बदके काळीच दिसतात.

आणि सगळ्यांना सांगायची घाई करू नये. एका हिवाळ्यात मीच एका पट्टकादंबाची, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेल्या पाहुण्या हंसाची, जागा, बांधावरच्या आंब्याच्या खुणेसकट, गटात टाकून मोकळा झालो. रविवारी तिथे तीसेक माणसे, एक ड्रोन आणि नारळपाणीवाला. पाहुणा सोमवारी नव्हता. पलीकडे रोज गरी टाकून बसणारे एक काका म्हणाले, "तू येच्याआधी आठ दीस हंगाच आशिल्लें तें." आठ दिवस त्यांच्यापासून वीस पावलांवर चरत होता तो. त्यांनी त्याच्याकडे एकदाही रोखून पाहिले नव्हते.