उंदीर मलूल आहे की निराश?

शरीरातल्या दाहामुळे बदलणाऱ्या वर्तनावर अश्वगंधेचा अर्क चालतो का, हे उंदरांवर तपासताना मलूलपणा आणि नैराश्यसदृश वर्तन यांची हमखास गल्लत होते. दोन्ही एकाच इंजेक्शनने येतात: एलपीएस, म्हणजे ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या बाह्य आवरणातला घटक.

मलूलपणा आधी येतो. किलोमागे ०.८३ मिलिग्रॅम एलपीएस पोटात टोचले की काही तासांतच उंदीर अंग चोरून बसतो, खाणे सोडतो, शेजारी सोडलेल्या पिल्लाला हुंगतही नाही. आयएल-१ बीटा आणि टीएनएफ-अल्फा हे दाहाचे निरोप देणारे रेणू मेंदूला कळवतात की शक्ती राखून ठेव. साधारण २४ तासांनी फिरणे पूर्ववत होते आणि मागे उरते ते दुसरे: शेपटीने टांगल्यावर लवकर धडपड सोडणे, साखरपाण्याची आवड ओसरणे. त्यामागे आयडीओ हे विकर (एन्झाइम) आहे. ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाला कायन्युरेनिन हा पदार्थ बनण्याच्या वाटेला लावते. आयडीओ रोखले की हे दुसरे वर्तन टळते, मलूलपणा मात्र तसाच राहतो. दोन्ही वेगळी आहेत याचा याहून बोलका पुरावा आमच्या मते नाही.

सहा तासांनी टांगून पाहिलेत, तर ज्याला हलायचेच त्राण नाही त्याला निराश ठरवाल. २४ तासांनी आधी खुल्या पेटीत पाच मिनिटे फिरू द्या. चाल एलपीएसऐवजी नुसते सलाइन टोचलेल्या गटाइतकी असेल तरच टांगणी-चाचणीच्या सहा मिनिटांत उंदीर किती वेळ निश्चल राहिला तो आकडा धरा. साखरपाणी एक टक्क्याचे ठेवा, त्याची आणि साध्या पाण्याची अशा दोन बाटल्यांच्या जागा मध्येच बदला, एकूण पिणेही नोंदवा. मलूल उंदीर दोन्ही बाटल्या टाळतो.

आता वनस्पती. अश्वगंधेच्या शास्त्रीय नावातला ‘सोम्निफेरा’ म्हणजे झोप आणणारी. अर्काने गुंगी आली तर निश्चलता वाढते आणि गुणकारी अर्कही फुकट वाटतो. उत्तेजक अर्काचे नेमके उलटे. त्यामुळे एलपीएसशिवाय नुसता अर्क दिलेला गट हवाच. अर्क फक्त एलपीएसच्या आधी दिला आणि दोन्ही वर्तने कमी झाली, तर दाह मुळातच दबला एवढेच म्हणता येते, नैराश्यावर गुण आला असे नाही.

सगळ्यात फसवा प्रकार अर्कातच दडलेला असतो. स्वच्छ न केलेल्या अर्कात जिवाणूंचे एलपीएस असू शकते. तो आठवडाभर पोटात टोचत राहिलात तर उंदराला एलपीएसची सवय होते, खरे इंजेक्शन सौम्य लागते आणि श्रेय अश्वगंधेला मिळते. टोचण्यापूर्वी अर्काची एलएएल चाचणी, म्हणजे त्यात एलपीएस आहे का हे दाखवणारी चाचणी, करून घ्या.