नवीन फास्ट गाडी घेतलीत, आता आधी काय बदलायचं?

गाडी घेतलीत, अभिनंदन! आता बहुतेक जण पहिल्या आठवड्यात काय करतात तर रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघतात आणि सकाळी आमच्या वर्कशॉपमध्ये येऊन विचारतात, "स्टेज वन कधी करून देता?" आमचं उत्तर ठरलेलं, आत्ता नाही. धंदा नकोय असं नाही हो, स्टेज वन म्हणजे पहिल्या पायरीचा रीमॅप, इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं, ते आम्हीच करतो आणि आवडीने करतो, पण गाडीचे टायर कसे धरतात, ब्रेक कितपत टिकतात हेच अजून तुम्हाला माहीत नाही आणि तिला वर आणखी ताकद द्यायची, हे आम्हाला पटत नाही.

कोरी गाडी असेल तर मॅन्युअलमध्ये रनिंग-इनचं, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवायचं, जे लिहिलंय ते आधी पाळा, तोवर बोनेट उघडायचं ते फक्त ऑइल बघायला. सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकाने काय काय करून ठेवलंय ते शोधणं हेच पहिलं मॉडिफिकेशन. "एकदम स्टॉक आहे", म्हणजे कंपनीतून आली तशीच आहे, म्हणून घेतलेल्या गाड्यांमध्ये आम्हाला रीमॅप सापडलेत, कापलेल्या स्प्रिंगा सापडल्यात, एअर फिल्टरच्या बॉक्समध्ये उंदराचं घरटं पण सापडलंय. ऑइल, प्लग, कूलंट, होजपाइप हे सगळं आधी नीट करून घ्या, दिसायला काही दिसत नाही पण पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहतं.

मग टायर. गाडी रस्त्याला टेकते ती साधारण चार तळहातांएवढ्या जागेवर, बाकी इंजिन ब्रेक स्टिअरिंग काहीही असू दे, सगळं त्या चार तळहातांतूनच जातं. टायरच्या बाजूला डॉट कोडचे शेवटचे ४ आकडे बघा, २३१९ असेल तर २०१९ सालचा २३वा आठवडा. एक गाडी आली होती, नक्षी भरपूर शिल्लक, टायर चकचकीत पॉलिश केलेले, मालक म्हणाले नवेच आहेत. कोड बघितला तर ७ वर्षं जुने, रबरात नख दाबलं तर रुतेना, प्लॅस्टिकच्या बादलीसारखं लागत होतं. अशा टायरवर ३०० हॉर्सपॉवर काय करणार, चाकं घसरायला लागली की पेटणारा ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकत राहणार, दुसरं काही नाही. चांगले समर टायर घेतलेत तर एवढं लक्षात ठेवा की साधारण ७ अंशांच्या खाली ते कडक पडतात, थंडीच्या भागात दुसरा सेट लागतो. हवा टायर थंड असतानाच तपासायची, पळवून आणून तपासली तर आकडा जास्तच दिसणार आणि तुम्ही उगाच हवा काढून टाकणार.

ब्रेकबद्दल जरा जास्त बोलतो कारण इथेच लोक सगळ्यात कमी खर्च करतात. १०० च्या स्पीडला गाडी थांबवायला जेवढी ऊर्जा जिरवावी लागते त्याच्या जवळजवळ दुप्पट १४० ला लागते, स्पीड दीडपटसुद्धा झालेला नसतो तरी. ही सगळी उष्णता डिस्क आणि पॅडमध्ये जाते आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मग लवकर उकळतं, म्हणून ताजं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा ग्रेड) किमान २३० अंशांपर्यंत उकळायला नको असं स्टँडर्ड आहे आणि पाणी शिरलेल्यासाठी तोच आकडा १५५. एकदा उकळलं की लाइनमध्ये वाफ तयार होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ खाली जातं. आमच्या स्वतःच्या गाडीत झालंय हे, घाट उतरताना, इंजिन ब्रेकिंग आणि हँडब्रेकवर कशीबशी थांबवली, पायाखाली पेडल नाही ही भावना विसरता येत नाही. म्हणून ताजं ऑइल आणि रस्त्यासाठी बनवलेले चांगले पॅड एवढं आधी करा. ट्रॅकचे पॅड रोजच्या गाडीत टाकू नका, थंड असताना ते नीट धरत नाहीत आणि सिग्नलला सगळा चौक वळून बघेल एवढी किंचाळी मारतात. आणि मोठ्या डिस्कचा किट? दिसतो भारी, पण जोरात ब्रेक मारल्यावर तुमचं एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आत्ताच चालू होत असेल तर एका ब्रेकमध्ये गाडी आधी थांबणार नाही, तिथे मर्यादा टायरची आहे. पुन्हा पुन्हा जोरात ब्रेक मारायचे असतील, म्हणजे ट्रॅकवर वगैरे, तेव्हा त्याचा खरा उपयोग.

सस्पेन्शनमध्ये पहिलं काम अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. स्वस्त काम आहे म्हणून कोणी कौतुक करत नाही, पण टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) थोडा जरी चुकला असेल तर नवे टायर आतून खाऊन टाकतो. लोअरिंग स्प्रिंगच्या बाबतीत आमचीच चूक सांगतो, वर्कशॉपची गाडी ३० मिलिमीटर खाली घेतली आणि शॉकअप कंपनीचेच ठेवले, फोटो झकास आले. पण खराब रस्त्यावर वळण घेतलं की बंपस्टॉपवर (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टेकतं त्या रबरावर) आपटून गाडी उडी मारायची आणि वर्ष व्हायच्या आत मागचे शॉकअप गळायला लागले. खाली घ्यायचीच असेल तर स्प्रिंग आणि शॉकअप जोडीने घ्या, नाहीतर थांबा.

इनटेक (इंजिनात हवा नेणारा पाइप-फिल्टर) आणि सायलेन्सर मुख्यतः आवाजासाठी, हे प्रामाणिकपणे सांगतो. स्टॉक गाडीवर नुसत्या फिल्टरने फरक पडतो तो कानाला. ऑइलवाला फिल्टर घेतलात तर धुतल्यावर ऑइल कमीच लावा, जास्तीचं एअरफ्लो सेन्सरवर जाऊन बसतं आणि मग चेक इंजिन. सायलेन्सर घ्यायच्या आधी तीच सिस्टीम लावलेल्या गाडीत अर्धा तास हायवेला बसून या, दुकानात रेस करून ऐकलेला आवाज आणि एकाच स्पीडला डोक्यात घुमणारी ती घरघर यात फार अंतर आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग) काढून देत नाही, विचारू नका.

एवढं सगळं झालं आणि तरी वाटलं गाडी कमी पडते, की मग रीमॅप. टर्बो गाडीत बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, वाढवता येतो म्हणून फरक जाणवतो, बिनटर्बोच्या गाडीत फार अपेक्षा ठेवू नका. आधी गाडी चालवून सेन्सरचे आकडे (लॉग) काढून नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटल्याने होणारी खटखट) आणि इनटेकचं तापमान बघतो, तुम्ही नेहमी कुठल्या ऑक्टेनचं पेट्रोल भरता ते खरं सांगा, मॅप त्याच्यावर बनतो. मॅन्युअल गाडी असेल तर वरच्या गिअरमध्ये फुल अॅक्सिलरेटर देऊन बघा, आरपीएम चढतोय पण स्पीड चढत नाही म्हणजे क्लच प्लेट आत्ताच सुटतेय, रीमॅपनंतर अजून सुटणार. वॉरंटी आणि इन्शुरन्सचं आधी विचारून घ्या, क्लेमच्या वेळी कळलं तर भांडण तुमचं आणि त्यांचं होईल.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मध्ये हजारेक किलोमीटर जाऊ द्या, चार गोष्टी एकदम लावल्या आणि कुठून तरी कुरकुर आली तर शोधायला आम्हालाच दोन दिवस जातात.

चाकं काढली असतील तर ८०-१०० किलोमीटरनंतर नट परत टॉर्कला टाइट करायला या, ५ मिनिटांचं काम, पैसे घेत नाही. आणि येताना लॉकनटची (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या खास नटची) चावी आणा, ती बऱ्याचदा डिक्कीत स्टेपनीच्या खाली असते, तिथे नसली तर ग्लोव्हबॉक्समध्ये.